चेहऱ्याला न्याय देणारा प्रकाश



छायाचित्र कॅमेरा काढतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते प्रकाश काढतो. कॅमेरा केवळ टिपून ठेवतो. भर दुपारच्या उन्हात उभे करून काढलेले एखाद्या शेतमजुराचे छायाचित्र पाहावे. डोळ्यांच्या जागी काळोख, कपाळ पांढरेफटक आणि नाकाखाली दाट सावली! अनेकदा त्या माणसाचे ते एकमेव छायाचित्र असते. ओळखपत्रावर तेच राहते आणि त्याच्या पश्चात घरातील भिंतीवरही तेच लागते. म्हणूनच प्रकाशयोजना हा केवळ कलावंतांचा विषय नव्हे. माणसाची ओळख नीट जपली जाण्याचा तो प्रश्न आहे.

प्रकाशाचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत : कठोर आणि सौम्य. सूर्य प्रचंड असला तरी पृथ्वीवरून तो लहान दिसतो; त्यामुळे त्याच्या सावल्यांच्या कडा तीक्ष्ण असतात. तोच सूर्य ढगांआड गेला की संपूर्ण आकाश प्रकाशाचा स्रोत बनते आणि सावल्या विरघळतात. चेहऱ्याच्या मानाने स्रोत जेवढा मोठा व जवळ, तेवढा प्रकाश सौम्य, हे यातील मूळ सूत्र होय.

या सूत्राचा एक संस्मरणीय उपयोग भारतीय चित्रपटात झाला. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटात काशीतील एका जुन्या घराचा चौक आहे. पावसाच्या धास्तीने हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले. बन्सी चंद्रगुप्त यांनी नेपथ्य हुबेहूब साकारले; परंतु अशा चौकात वरून झिरपणारा, जवळजवळ सावलीविरहित उजेड स्टुडिओच्या दिव्यांतून आणायचा कसा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर चौकटीत ताणलेले पांढरे कापड बसविले, दिवे खाली ठेवून त्यांचा झोत त्या कापडावर टाकला आणि परतून येणारा उजेड पात्रांवर घेतला. कापडच आकाश झाले. ‘पथेर पांचाली’पूर्वी चित्रपटाचा कॅमेरा कधीही न हाताळलेल्या या तरुणाने महागड्या साधनांवर नव्हे, तर निरीक्षणावर भिस्त ठेवली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

कठोर प्रकाश सर्वथा त्याज्य आहे, असे मात्र नाही. १९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांच्या साहाय्याने बाहेरचे ऊन मुंबईतील स्टुडिओत वळवून घेतले आणि अंधारात उतरणारा तो प्रसिद्ध झोत निर्माण केला. पात्रांचे एकाकीपण दाखविण्यास तेथे तोच प्रकाश उचित होता. प्रकाश प्रसंगाला साजेसा हवा, हाच याचा अर्थ.

स्टुडिओतील व्यक्तिचित्रासाठी साधारणतः तीन दिवे योजले जातात. मुख्य दिवा समोरून थोडा बाजूला व डोळ्यांच्या पातळीहून उंच असतो; तो चेहऱ्याची ठेवण दाखवितो. पूरक दिवा सावल्या हलक्या करतो, तर मागील दिवा केस व खांदे पार्श्वभूमीपासून वेगळे काढतो. यांतील पहिली दोन कामे खेड्यातील साध्या खोलीतही साधता येतात. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, तिच्याजवळ व्यक्तीला किंचित तिरपे बसवावे. हा झाला मुख्य प्रकाश. दुसऱ्या बाजूस पांढरे धोतर किंवा चादर धरावी. हा झाला पूरक प्रकाश. रंगीत कापड टाळावे, कारण त्याची छटा त्वचेवर उतरते. खोलीतील पिवळा दिवा त्या वेळी बंद ठेवावा. सावळ्या चेहऱ्यावर समोरून प्रखर फ्लॅश टाकल्यास त्वचा चकाकते व चेहरा सपाट दिसतो. बाजूने येणारा सौम्य उजेड तोच चेहरा उठावदार करतो. वर्गाचे सामूहिक छायाचित्र घ्यावयाचे असल्यास मोकळ्या आकाशाकडे तोंड असलेली व्हरांड्याची सावली उत्तम. झाडाखालचे कवडसे मात्र टाळावेत.

आज घरोघरी मोबाईलच्या रूपाने कॅमेरा पोहोचला आहे. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांना कामाच्या ओघात असंख्य माणसांची छायाचित्रे घ्यावी लागतात. एखाद्या वृद्धेला उन्हातून चार पावले ओसरीच्या सावलीत आणून बसविण्यास खर्च येत नाही. फक्त क्षणभर थांबून तिच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. तेवढे केले, तर कागदावर केवळ एक लाभार्थी नव्हे, एक माणूस उमटेल.