सदऱ्याचा पासपोर्ट तपासणार कोण?



ग्राहकांची परिषद इचलकरंजीसारख्या कारखानदारांच्या गावात भरवायची आणि वर स्वागताध्यक्षही मागवालाच नेमायचा, याला धाडस लागतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे यंत्रमाग आणला. तेव्हापासून हे गाव कापड विणतंय, पण दुकानातल्या सदऱ्यावर इचलकरंजीचं नाव तुम्हाला क्वचितच दिसेल.

त्याचं कारण आमच्या धंद्याच्या रचनेत आहे. सूत व्यापाऱ्याकडून येतं, सायझिंगला, म्हणजे खळ लावायला, जातं, तिथून सुताचं बीम खर्चीवाल्याच्या मागावर चढतं. खर्चीवाला मजुरीवर विणून देतो. सूत त्याचं नाही आणि कापडही त्याचं नाही. पुढे प्रोसेस, मग कुठल्या तरी दुसऱ्या शहरात शिलाई. सूत घेताना आम्ही काउंट बघतो, दर विचारतो, उधारी किती दिवसांची ते ठरवतो. कापूस कुठल्या शिवारातला, असं कुणी कुणाला विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता ते युरोप विचारणार आहे. युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्याने वस्तूंना डिजिटल पासपोर्ट देण्याची वाट मोकळी केली. कोड स्कॅन केला की वस्तू कशाची बनली, दुरुस्त होते का, शेवटी तिचं काय करायचं, हे कळावं असा बेत आहे. वेगळ्या नियमाखाली विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना १८ फेब्रुवारी २०२७पासून पासपोर्ट लागेल. कापडाचे तपशील ठरायचेत, पण एप्रिल २०२५च्या पहिल्या आराखड्यात कपडे आहेत. युरोपीय आयोगानेच २०२० साली तपासलेल्या पर्यावरणविषयक दाव्यांपैकी ५३ टक्के दावे मोघम, दिशाभूल करणारे किंवा निराधार निघाले होते. तेव्हा ही घाई समजण्यासारखी आहे.

पण कोड आला म्हणून खरेपणा येतो का? त्याच २०२० साली सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक सांभाळणाऱ्या ‘गॉट्स’ संस्थेला भारतात बनावट प्रमाणपत्रांचं जाळं सापडलं. सुमारे २०,००० टन कापसाचा मामला होता. त्या कागदांवर क्यूआर कोडही होते आणि ते स्कॅनही होत होते! फक्त उघडणारं संकेतस्थळ सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल होतं. ज्याने मोबाइल काढून तपासलं, तोच जास्त फसला.

सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक तुम्ही ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता. शंका राहिली तर दागिनाच पुन्हा तपासायला देता येतो. सेंद्रिय कापसाचं एकदा सूत झालं की नुसतं बघून, हात लावून ते ओळखणं आम्हा विणणाऱ्यांनाही जमत नाही. तिथे सगळा भरवसा शेतात आणि जिनिंगमध्ये जाऊन नोंद करणाऱ्या माणसावर. म्हणून या दोन दिवसांत तुम्ही कोडपेक्षा त्या माणसाची चौकशी करावी, अशी माझी विनंती आहे. त्याला पगार कोण देतं? नोंद खोटी निघाली तर दंड कुणाला? माझ्या मते तो ब्रँडला व्हावा आणि माहिती भरण्याचा खर्चही ब्रँडनेच उचलावा. मीटरमागे पैशांत मजुरी मोजणाऱ्या खर्चीवाल्याच्या गळ्यात हा खर्च पडला, तर तो समोर येईल ते भरून मोकळा होईल. आणि पासपोर्टात रंगाई-धुलाईच्या सांडपाण्याचा रकाना आला, तर पंचगंगेकाठच्या आम्हा लोकांना तो आधी बोचेल. बोचू द्या.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. त्या परंपरेतली मंडळी समोर असताना प्रश्न कसे विचारायचे, हे मी सांगणं शोभत नाही.

दुपारी जेवणानंतर कारखाने बघायला गाड्यांची सोय केली आहे. मागांच्या खडखडाटात जरा मोठ्याने बोलावं लागेल. नावं नोंदवायचं टेबल दाराजवळ आहे. उद्घाटक महोदयांना मी आता दीपप्रज्वलनाची विनंती करतो.