वनपर्वातल्या साइड क्वेस्ट

(कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय असतं, अर्थसंकल्प असतो, हल्ली मधुमेहही असतो. व्हिडिओ गेम सहसा नसतो. त्यामुळे पुढच्या रांगांचा मला थोडा धाक आहे आणि मागे बसलेल्या मुलांचा जास्त, कारण माझी चूक पकडली तर तीच पकडतील.

आधी पुढच्या रांगांसाठी. ‘ओपन वर्ल्ड’ प्रकारच्या गेममध्ये नायकावर एक मोठी कामगिरी असते, पण त्याच वाटेनं चाललं पाहिजे अशी सक्ती नसते. डोंगर दिसला, चढा. गाव दिसलं, शिरा. मग गावात कुणीतरी हाक मारून आपलं गाऱ्हाणं सांगतं. ते निस्तरलंत तर ती साइड क्वेस्ट. नाही निस्तरलंत तरी मुख्य कथा अडत नाही.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘द विचर ३’ 2015मध्ये आला. त्याचा नायक गेराल्ट पैसे घेऊन राक्षस मारतो. गेमच्या सुरुवातीला तो आपल्या दुरावलेल्या प्रेयसीच्या मागावर असतो. व्हाइट ऑर्चर्ड नावाच्या खेड्यावरून युद्ध नुकतंच गेलेलं असतं आणि एका बंद झोपडीपुढे एक म्हातारी उभी असते. तिनं कुणा परक्याला आपला तवा उसना दिला होता, तो तिला परत हवा आहे. एवढंच काम. राक्षस नाही, लढाई नाही. गेराल्ट दार फोडतो. आत एक प्रेत, जळलेले कागद, एका भिंगाचा चष्मा आणि तवा. तवा मात्र घासल्यासारखा लख्ख. गेराल्ट अंदाज बांधतो की कुणीतरी तव्याची काजळी खरवडून तिची शाई केली असावी. म्हणजे या खोपटात बसून कुणीतरी घाईघाईनं काही लिहिलं आणि काही जाळलं. म्हातारीला त्याचं काय? तवा इतका स्वच्छ कसा झाला, याचंच तिला अप्रूप. बक्षीस अगदी किरकोळ.

त्या लिहिण्या-जाळण्यामागच्या राजकारणाचा उलगडा तिथे कुणी करून सांगत नाही. चष्म्याकडे ज्याचं लक्ष गेलं, त्याचं गेलं. माझ्या मते चांगली साइड क्वेस्ट अशी असते. जगात नायकाखेरीजही माणसं आहेत, त्यांना आपापले व्याप आहेत आणि नायकाच्या थोर कामगिरीशी त्यांना काही देणंघेणं नाही, हे तिच्यातून कळतं.

याउलट नकाशाभर प्रश्नचिन्हं पेरून ठेवायची आणि प्रत्येकाखाली तेच काम द्यायचं, हा धंदा मोठमोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं केला. दहा लांडगे मारा, बारा मुळ्या आणा. याला मी गोष्ट म्हणणार नाही, ही रोजंदारी झाली. निन्टेंडोनं 2017च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये या हव्यासाची खोडकर फिरकी घेतली. त्यात कोरोक नावाच्या वनप्राण्यांच्या 900 बिया लपवलेल्या आहेत. सगळ्या गोळा करणाऱ्याला शेवटी काय मिळतं? सोनेरी विष्ठेच्या आकाराचं एक मानचिन्ह! (मागच्या रांगा हसताहेत, म्हणजे कुणीतरी मिळवलेलं दिसतंय.)

आता आपण बसलो आहोत तो रस्ता घ्या. जुना कर्झन रोड. कनॉट प्लेसहून निघालेली गाडी इंडिया गेटकडे सरळ सुटते. गाडीतल्या माणसाला चार्ल्स कोरियांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत ओझरती दिसते आणि तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिननं पसरलेलं काळंपांढरं झाड त्याहून ओझरतं. हेली रोडच्या बाजूला वळून गल्लीत शिरलेल्याला अग्रसेन की बावली सापडते. दोन्ही बाजूंना कमानींच्या ओळी आणि मधून खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. आत जायलाच हवं असं कुणी बजावत नाही.

पण आडवाटेचा हा खेळ आपल्याला पोलंडनं किंवा जपाननं शिकवायला नको होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. 1919मध्ये सुरू झालेलं ते काम 1966मध्ये पुरं झालं. त्यातलं आरण्यकपर्व खुद्द आवृत्तीचे प्रमुख संपादक सुकथनकर यांनी संपादित केलं. तेच आपलं वनपर्व. ते गेम खेळणाऱ्याच्या नजरेनं वाचून बघा. राज्य गेलेलं आहे, युद्ध अटळ आहे, आणि मुख्य कथा बारा वर्षं थांबलेली आहे. त्या बारा वर्षांत काय होतं? द्रौपदीला सौगंधिक कमळं हवीत, म्हणून भीम निघतो. वाटेत एक म्हातारं वानर शेपूट आडवी टाकून पडलेलं. ती शेपूट भीमाला हलवता येत नाही. वानर म्हणजे हनुमान निघतो आणि पुढे अर्जुनाच्या ध्वजावर बसण्याचं वचन देतो. फुलं आणायला गेलेला माणूस युद्धाची तजवीज करून परततो!

नलोपाख्यान तर त्याहून बेमालूम. द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी द्यूतात हरलेल्या नलाची गोष्ट सांगतात. सांत्वनासाठी सांगितलेली गोष्ट, पण ती संपल्यावर ते त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या देतात. पुढे विराटाच्या दरबारात युधिष्ठिर कंक नावानं फासे टाकणारा होऊन राहतो. मागच्या रांगांच्या भाषेत, स्किल अनलॉक झालं.

मग आपल्याकडे असा गेम का होत नाही? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020मध्ये ‘राजी’ आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. पहाडी चित्रशैलीचा प्रभाव, कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या, देखणं काम. पण वाट एकच, सरळ. आडवाटेची हौस भागते ती भिंतींवरच्या चित्रांपाशी. तिथे थांबलात तर देवदेवतांच्या कथा ऐकायला मिळतात. मला तो गेम आवडला, आणि ती सरळ वाट म्हणजे कल्पनेची टंचाई असं मी मानत नाही. लोकवर्गणी जमवणाऱ्या किकस्टार्टरवर त्यांची ठरलेली रक्कम जमली नव्हती. आणि साइड क्वेस्ट हा पैशाच्या हिशेबात आतबट्ट्याचा व्यवहार. एका म्हातारीसाठी चेहरा घडवा, आवाज रेकॉर्ड करा, संवादांच्या फांद्या लिहा, खेळाडूनं मधेच पाठ फिरवली तर काय होईल ते तपासा. एवढं करून अनेक खेळाडू तिच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे जाणार. लोकांनी चुकवलं तरी चालेल अशा गोष्टीवर खर्च करायला खिसा खोल लागतो.

व्यासांना रेकॉर्डिंगचा खर्च नव्हता, हे खरं. तरीही पर्वाच्या शेवटी त्यांनी जे केलं, ते कुठल्याही स्टुडिओनं अभ्यासावं. एका ब्राह्मणाच्या अरणी, म्हणजे अग्नी पेटवायची लाकडं, हरणाच्या शिंगांत अडकतात आणि हरीण पळून जातं. पांडव पाठलाग करतात, थकतात, पाणी शोधतात. तळ्यावर यक्षाला न जुमानता पाणी पिणारे चौघे भाऊ कोसळतात. युधिष्ठिर प्रश्नांची उत्तरं देतो. एकच भाऊ जिवंत होणार, तेव्हा भीम-अर्जुनांना सोडून तो माद्रीचा नकुल निवडतो, आणि चौघेही परत मिळतात. यक्ष म्हणजे साक्षात धर्म. तो म्हणतो, वर माग. अज्ञातवासाचं वर्ष तोंडावर आलेलं. कुणी आपल्याला ओळखू नये हा वर युधिष्ठिर मागतोच, पण नंतर. आधी तो ब्राह्मणाच्या अरणी मागून घेतो.