दंडाच्या वेषातील मागणी

(ब्रिटनमधील स्लाउ येथे मराठी कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग. ज्यांची मुले-मुली तेथे नोकरीनिमित्त राहतात, त्या वाचकांनाही तो उपयुक्त वाटेल.)



आजचा विषय दिसायला क्षुल्लक आहे. साठ किंवा शंभर पौंडांचा प्रश्न. तरीही गेल्या काही वर्षांत मला जितकी पत्रे या एका विषयावर आली, तितकी दुसऱ्या कोणत्याही विषयावर आली नाहीत. नवीन नोकरी, नवीन देश, लीजवर म्हणजे भाडेपट्ट्याने घेतलेली गाडी, आणि एके दिवशी घरी येणारे लाल-पिवळ्या अक्षरांतले पत्र. आपला माणूस ते पत्र वाचतो, घाबरतो आणि पैसे भरून मोकळा होतो. आपल्या नावावर काही डाग नको, व्हिसाला अडचण नको, हा त्यामागचा विचार. पापभीरुपणा हा दुर्गुण नाही. परंतु त्याचा व्यापार कोणी मांडला असेल, तर तो व्यापार समजून घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. नगरपालिका किंवा बरो कौन्सिल जी नोटीस देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. तिच्यामागे २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्यासारखी वैधानिक सत्ता उभी असते. दुकानांच्या संकुलात, खासगी इस्पितळाच्या आवारात किंवा उपाहारगृहाच्या वाहनतळावर जी कंपनी लक्ष ठेवते, तिची नोटीस असते ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींचे संक्षिप्त रूप एकच, पीसीएन. पाकिटाचा रंग, अक्षरांचा थाट आणि भाषेतली जरब यांतही इतके साम्य, की ते केवळ योगायोगाने आले असेल असे मानणे कठीण आहे. वस्तुतः खासगी कंपनीला दंड करण्याचा कोणताही अधिकार नाही. प्रवेशद्वाराशी लावलेला फलक हा तिचा प्रस्ताव, तुम्ही गाडी उभी केलीत ही तुमची संमती, आणि वेळ उलटून गेली म्हणजे कराराचा भंग झाला, एवढेच तिचे म्हणणे असते. हा दिवाणी व्यवहार आहे. यात फौजदारी गुन्हा नाही आणि पोलिसांचा संबंधही नाही.

आता कंपनीला तुमचे नाव कसे कळते? गाडीच्या क्रमांकावरून ती स्वान्सी येथील डीव्हीएलए या सरकारी कार्यालयाकडे विचारणा करते आणि प्रत्येक नोंदीमागे अडीच पौंड भरून नोंदणीकृत धारकाचा पत्ता घेते. अशा विचारणांची संख्या आता वर्षाला एक कोटीच्या पुढे गेली आहे. या एका आकड्यावरून धंद्याचा आवाका लक्षात यावा. परंतु लीजच्या गाडीचा नोंदणीकृत धारक बहुधा तुम्ही नसताच, तो असतो लीज देणारी कंपनी. पहिले पत्र तिच्याकडे जाते, आणि तेथूनच आपला विषय सुरू होतो.

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. पूर्वी इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाला लोखंडी खोडा घालून पैसे उकळण्याची पद्धत होती. २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्याने ती बंद केली. त्याच्या बदल्यात कंपन्यांना एक नवे साधन मिळाले. गाडी कोण चालवत होते हे ठाऊक नसले, तरी काही अटी पाळल्यास धारकाकडून पैसे मागता येतील, असे त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने ठरवले. हे परिशिष्ट १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू आहे. ‘काही अटी पाळल्यास’ हे शब्द आपण घट्ट धरून ठेवायचे आहेत. संसदेने हा अधिकार फुकट दिलेला नाही.

भाड्याच्या गाडीसंबंधी या परिशिष्टात तेरावा आणि चौदावा असे दोन स्वतंत्र परिच्छेद आहेत. ते मी सावकाश सांगतो, कारण सारे मर्म तेथे आहे. लीज कंपनीला नोटीस मिळाली की अठ्ठावीस दिवसांच्या आत तिने तीन कागद पाठवायचे असतात. त्या वेळी गाडी अमुक व्यक्तीला भाड्याने दिली होती, असे स्वाक्षरीचे निवेदन हा पहिला. भाडेकराराची प्रत हा दुसरा. त्या करारान्वये तुम्ही जबाबदारी स्वीकारल्याच्या स्वाक्षरीच्या निवेदनाची प्रत हा तिसरा. हे तीन कागद दिले की लीज कंपनी मोकळी झाली. मग पार्किंग कंपनीने ते कागद हाती आल्यापासून एकवीस दिवसांत तुम्हाला ‘नोटीस टू हायरर’ द्यायची असते, आणि तिच्यासोबत ते तिन्ही कागद तसेच लीज कंपनीला धाडलेल्या मूळ नोटिशीची प्रत जोडायची असते. जोडायची म्हणजे जोडलीच पाहिजे. एक कागद जरी नसला, तरी केवळ गाडी भाड्याने घेतली म्हणून तुमच्यावर बोजा टाकण्याचा तिचा अधिकार उरत नाही. त्यानंतर तिला फक्त प्रत्यक्ष चालकाकडेच पैसे मागता येतात.

मूळ नोटिशीच्या प्रतीचा आग्रह का, असे कोणी विचारील. काचेवर चिकटवलेली सूचना नसेल आणि सारा कारभार कॅमेऱ्यावर चालला असेल, तर धारकाला पहिली नोटीस चौदा दिवसांत पोहोचली पाहिजे असा नियम आहे. ती वेळेत पोहोचली की नाही, हे प्रत पाहिल्याशिवाय तुम्हाला कसे समजणार? कायदा करणाऱ्याने विचार करूनच हे कलम लिहिले आहे. अनुभव मात्र असा, की हजारो पत्रे यंत्राने छापून धाडणाऱ्या कंपन्या हे कागद जोडण्याची तसदी पुष्कळदा घेत नाहीत.

माझा भाचा रेडिंगला असतो. त्याची गाडी तीन वर्षांच्या लीजवर आहे. भाचेसून सकाळी दहाच्या सुमारास एका दुकान-संकुलात औषध घेऊन पंधरा मिनिटांत बाहेर पडली आणि दुपारी तीनला मुलाचे बूट घ्यायला पुन्हा तेथे गेली. कॅमेऱ्याने सकाळचा प्रवेश टिपला, दुपारचे निर्गमन टिपले, मधले दोन्ही हुकवले. हिशेब झाला पाच तासांहून अधिक. पत्र आले ते कित्येक आठवड्यांनी, तेही एकटेच, सोबत एकही कागद नाही. भाचा म्हणाला, “मामा, लवकर भरले तर साठ पौंडांत मिटते, कशाला वाद?” मी म्हटले, “अरे, न केलेल्या गोष्टीचे साठ पौंड हे साठ पौंडच असतात.” त्याने दोन मुद्दे लिहून कळवले. एक, भेटी दोन होत्या, आणि मधल्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा म्हणून औषधाची व पेट्रोलची पावती. दोन, चौदाव्या परिच्छेदाने सांगितलेले कागद मिळालेले नाहीत. कंपनीचे छापील उत्तर नकाराचे आले. मात्र प्रकरण स्वतंत्र लवादाकडे जाताच तिने दावा मागे घेतला. लीज कंपनीने स्वतःचे ‘प्रशासकीय शुल्क’ कापले ते कापलेच. करारात तशी तरतूद होती, म्हणून तेथे त्याला बोलता आले नाही.

यावरून लीजधारकाचा दुसरा, आणि माझ्या मते मोठा, धोका स्पष्ट होतो. काही लीज कंपन्या तुम्हाला न विचारता पार्किंग कंपनीचे पैसे भरून टाकतात आणि ती रक्कम शुल्कासह तुमच्या बँक खात्यातून वळती करतात. एकदा पैसे भरले की पार्किंग कंपनीशी लढण्याचे दार जवळजवळ बंद होते. कौन्सिलची नोटीस आणि खासगी मागणी यांतला भेद कारकुनाने पाहिला नाही, त्याची किंमत तुम्ही मोजायची! म्हणून करारातील ‘दंड व आकार’ या मथळ्याखालचे कलम आजच काढून वाचा. खासगी मागणी भरू नये, जबाबदारी माझ्या नावे वर्ग करावी, असे लीज कंपनीला आधीच लेखी कळवून ठेवा. तिने करार सोडून वर्तन केले, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. ती भाडे व लीज व्यावसायिकांच्या बीव्हीआरएलए या संघटनेची सदस्य असेल, तर पुढे तेथेही दाद मागता येते.

आणखी एक गोष्ट. आपल्या संगणकक्षेत्रातील तरुणांपैकी अनेकांनी विजेवरच्या गाड्या ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ योजनेतून घेतल्या आहेत. तेथे करारावर भाड्याने घेणारा म्हणून बहुधा नोकरी देणाऱ्या कंपनीचे नाव असते. नोटीस तिच्याकडे जाईल आणि रक्कम पगारातून कापली जाईल. तेव्हा हीच सूचना कार्यालयातही देऊन ठेवावी. याउलट, हप्त्याने विकत घेतलेल्या गाडीला हे दोन परिच्छेद लागू होत नाहीत. तेथे नोंदणीपुस्तिकेवर सहसा तुमचेच नाव असते.

इतके ऐकल्यावर कोणाला वाटेल की या साऱ्या मागण्या बेकायदेशीर आहेत, पत्र केराच्या टोपलीत टाकावे. तसे मुळीच नाही. चेम्सफर्ड येथील रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये दोन तासांची सवलत असताना बॅरी बीव्हिस यांची गाडी छप्पन्न मिनिटे अधिक राहिली. मागणी ८५ पौंडांची होती. ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ खटल्यात हरले. वाहनतळावर गाड्यांची ये-जा चालू राहावी यात कंपनीचे रास्त हित आहे, फलक मोठे व स्पष्ट होते, रक्कम अवाजवी नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. तात्पर्य, फलक स्पष्ट असेल आणि आपण खरोखर वेळ ओलांडली असेल, तर चौदा दिवसांत सवलतीची रक्कम भरणे हा प्रामाणिक मार्ग आहे आणि मी तोच सुचवीन.

मग कागद जोडले नाहीत म्हणून सुटणे ही पळवाट नव्हे काय? हा प्रश्न मला एका सद्गृहस्थांनी विचारला होता. माझे मत असे, की जी कंपनी छप्पन्न मिनिटांचा हिशेब मिनिटामिनिटाने ठेवते, तिला एकवीस दिवसांचा हिशेब ठेवायला सांगणे ही पळवाट नाही. चालकाचे नाव सांगण्याची सक्ती या खासगी व्यवहारात नाही. पोलिसांनी विचारल्यास गोष्ट निराळी. म्हणून पत्र लिहिताना ‘मी गाडी लावली’ असे न लिहिता ‘गाडी भाड्याने घेणारा या नात्याने’ असे लिहावे. मौन पाळण्याचा हक्क आपल्याला आहे. खोटे लिहिण्याचा नाही, आणि ते करूही नये.

कंपनीने आक्षेप फेटाळला, तर ती ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असल्यास ‘पॉपला’ या लवादाकडे अठ्ठावीस दिवसांत जाता येते. तेथे खर्च नाही. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या दुसऱ्या संघटनेचा लवाद वेगळा आहे. त्यानंतर वसुली करणाऱ्यांची पत्रे येतात, मूळ शंभरावर सत्तर पौंड चढवलेले असतात. या पत्रांना न्यायालयीन बळ नाही. परंतु काउंटी कोर्टाचा खराखुरा अर्ज आला, तर एक दिवसही दवडू नका. चौदा दिवसांत पोच दिली की बचाव मांडायला एकूण अठ्ठावीस दिवस मिळतात. उत्तर न दिल्यास एकतर्फी निवाडा होतो, आणि महिनाभरात तो चुकता न केल्यास सहा वर्षे पतनोंदीवर राहतो. आपली माणसे भाड्याची घरे वरचेवर बदलतात आणि लीज कंपनीला नवा पत्ता कळवायचे राहून जाते. जुन्या पत्त्यावर पडलेल्या अर्जाने घरकर्ज नाकारले गेल्याची उदाहरणे माझ्या माहितीत आहेत.

सरकार काय करते, हेही विचारले जाते. २०१९ मध्ये संसदेने या धंद्यासाठी आचारसंहिता करण्याचा कायदा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता जाहीर झाली. कमाल रक्कम बहुतेक ठिकाणी पन्नास पौंड आणि वसुलीच्या वाढीव आकाराला बंदी, असे तिचे स्वरूप होते. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये ती मागे घेतली गेली. २०२४ मध्ये दोन्ही व्यावसायिक संघटनांनी स्वतःच एक संयुक्त संहिता केली, २०२५ मध्ये सरकारने पुन्हा लोकांची मते मागवली. ज्यांना नियम लावायचे त्यांनीच नियम लिहावेत, हा प्रकार काही वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

शेवटी, चिठ्ठ्यांतून आलेले दोन प्रश्न. एडिनबरोच्या भगिनींना सांगतो, की चौथे परिशिष्ट स्कॉटलंडला लागू नाही. तेथे भाडेधारक म्हणून तुमच्याकडे मागता येईल असा त्यातला आधार कंपनीला मिळत नाही, चालकाशी झालेल्या करारावरच तिला विसंबावे लागते. दुसरा प्रश्न विमानतळाचा. मुंबईहून येणाऱ्या आई-वडिलांना घ्यायला आपण सारेच जातो. ज्या विमानतळाच्या वा रेल्वेच्या जागेवरील वाहने उभी करण्याचे नियमन वैधानिक उपविधींनी होते, ती या परिशिष्टाच्या व्याख्येतील ‘संबंधित जमीन’ नव्हे. तेव्हा तेथली नोटीस आल्यास प्रथम त्या जागेचे उपविधी मागवून पाहावेत आणि मगच उत्तराचे पत्र लिहायला बसावे.