दवाखान्याचा कारभार हाही उपचारच



पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेस मुकू नये, असे भोर समितीने १९४६ साली प्रतिपादन केले. हे तत्त्व अंमलात येते ते शासकीय दवाखान्यांच्या चोख कारभारातून.

वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या २०१३ च्या निकषानुसार सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे. त्या हिशेबाने येथे किमान चोवीस केंद्रे हवीत.

केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम रोगी तपासण्यापुरते नसते. औषधसाठा संपण्यापूर्वी मागणीपत्र पाठविणे, नोंदवह्या अद्ययावत ठेवणे ही जबाबदारीही त्याचीच. क्षयरोग्याच्या औषधांत खंड पडला, तर रोगजंतू औषधांना दाद देईनासे होतात. नालासोपाऱ्याहून पहाटेच्या लोकलने कामावर जाणाऱ्यास सकाळचा बाह्यरुग्ण विभाग उपयोगाचा नाही. यास्तव अभियानाने सायंकाळच्या सेवेवर भर दिला. आलाच नाही अशा रुग्णाचे नाव नोंदवहीतून शोधून आशा स्वयंसेविकेला त्याच्या घरी पाठविणे, हे उत्तम व्यवस्थापनाचे लक्षण होय.

नागरिकांनीही केसपेपर जपावा, उपचार अर्धवट सोडू नयेत. उभयतांच्या सहकार्यानेच ही सेवा सार्थ ठरेल.