घागर का तडकली?

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या कोल्हापुरातील घरी घडलेली एक गोष्ट आज आपणांस निवेदन करतो. वडिलांनी विकलेली पितळेची एक घागर गिऱ्हाइकाच्या गोठ्यात ठेवलेली असता ऐन पावसाळ्यात आपोआप उभी तडकली. ना ती पडली, ना तिला कोणाचा धक्का लागला. गिऱ्हाइकाने पितळ हिणकस ठरविले. वडिलांनी दोष धाकट्या काकांच्या हातास दिला. काकांनी हातोडी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

खरे कारण मला शिक्षकी पेशात आल्यावर वाचनातून उमगले. धातू असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो. थंड पत्र्यावर ठोके पडले की स्फटिकांतील अणूंच्या रांगा सरकतात, एकमेकींत अडकतात. भांडे कठीण होते आणि ताण आत कोंडून राहतो. म्हणून तर आपण काम चालू असता भांडे मधूनमधून भट्टीत लाल करतो. त्या तावाने विस्कटलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, ताणरहित स्फटिक उपजतात. शिशाला यासाठी नेहमीची हवाच पुरते. तांब्यापितळेला मात्र अग्नी हवा.

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी त्याची उकल केली. घडणीत कोंडलेला ताण हे एक कारण, आणि घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया हे दुसरे. दमट हवेत हा वायू स्फटिकांच्या सीमांवरून पितळेत शिरतो आणि आतला ताण त्याच वाटेने धातू फाडतो. गोठा काय आणि पागा काय, वायू एकच! घडण पुरी झाल्यावर सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसचा सौम्य ताव दिला, तर कठीणपणा फारसा न जाता ताण निवळतो.

आमच्या घागरीस तो ताव मिळाला नव्हता, कारण तो आमच्या घरात कोणासच ठाऊक नव्हता. पितळ चोख होते, काकांचा हातही चोख होता; उणे होते ते ज्ञान. हे मला कळले तेव्हा सांगावयास काका उरले नव्हते.

बंधूंनो, आपल्या मुलांस हातोडीबरोबर हे शास्त्रही शिकवा. कारागिरास बोल लावण्यापूर्वी धातूस काय सोसावे लागले, ते आधी पाहा.