अपिलाचा वकील केव्हा शोधावा?

(संस्थेच्या वार्षिक जयंती समारंभात दिलेले भाषण)



आम्ही पेशाने वैद्य. पंचवीसहून अधिक वर्षे या अमेरिकेत रुग्ण तपासण्यात गेली. कायद्याचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. तेव्हा आजच्या मंगल प्रसंगी आम्ही वकिलांविषयी बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु कायद्याच्या दवाखान्यात आम्ही स्वतः रुग्ण म्हणून चार वर्षे काढली आहेत, आणि त्या दुखण्याची हकीकत रुग्णानेच सांगितलेली बरी. आमच्या हातून जी चूक झाली ती आपल्यापैकी कोणाच्याही घरी होऊ नये, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

एका सरकारी रुग्णालयात आम्ही नोकरीस होतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे आपल्याच देशातून आलेले एक वरिष्ठ अधिकारी होते. एके दिवशी त्यांनी आमच्या आडनावावरून गावाची चौकशी केली, आणि गावात घर नेमके कोणत्या बाजूस, असे विचारले. त्या प्रश्नाचा अर्थ आपणांस उलगडून सांगावयास नको. पुढे आमच्या पाळ्या बदलल्या, बढतीत आम्हाला दोनदा डावलण्यात आले, आणि आमच्या कामाविषयीची मते एकाएकी वाईट येऊ लागली. आम्ही त्या काळात वरिष्ठांना तीन लेखी टिपणे दिली होती. त्यांच्या प्रती घरच्या कपाटात जपून ठेवल्या.

शेवटी आम्ही दावा लावला. वकील कोण केले? आमच्या घराची खरेदीखते ज्यांनी केली, तेच. सज्जन गृहस्थ, ओळखीचे, फी माफक. सरकारी संस्थेविरुद्ध त्यांनी पूर्वी एकही दावा चालविलेला नव्हता, आणि आम्हीही ते विचारले नाही. साक्षीपुरावा होण्यापूर्वीच, दाखल कागदांच्या आधारे, पहिल्या न्यायालयाने आमचा दावा काढून टाकला. मग मात्र आम्ही खडबडून जागे झालो आणि अपिलांचा दीर्घ अनुभव असलेल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कित्येक वर्षे सरकारच्याच विधी कार्यालयात काम केले होते.

बाईंनी आमची कहाणी ऐकून घेतली नाही. त्यांनी खटल्याचे संपूर्ण दप्तर मागविले, दोन आठवडे वाचले आणि मग आम्हाला एकच प्रश्न विचारला. “डॉक्टर, ती तीन टिपणे पहिल्या न्यायालयात दाखल झाली होती काय?” झाली नव्हती. पहिल्या वकिलांनी ती मागितली नव्हती, आणि आम्ही दिली नव्हती. “मग वरच्या न्यायाधीशांच्या दृष्टीने ती नाहीतच,” त्या म्हणाल्या.

आमच्या व्यवसायात तरुण डॉक्टरांना पहिल्या वर्षीच शिकवितात, की केसपेपरवर जे लिहिले नाही ते घडले नाही. हा धडा आम्ही शेकडो विद्यार्थ्यांना दिला आणि स्वतःच्या बाबतीत विसरलो!

बाईंनी आमच्या पाच तक्रारींपैकी चार बाजूला सारल्या, एक ठेवली आणि यशाची शक्यता कमी आहे असे लेखी कळविले. तरीही आम्ही अपील केले. तीन न्यायाधीशांसमोर आमच्या बाजूला पंधरा मिनिटे मिळाली. निकाल पाच पानांचा आला आणि तो आमच्या विरुद्ध होता. बाहेर पडताना आमच्या पत्नींनी विचारले, “आम्ही तुमच्याकडे अगदी आरंभी आलो असतो तर?” बाई म्हणाल्या, “तर तुम्हाला माझी तासाभराची फी पडली असती.”

मित्रहो, अपील म्हणजे काय याविषयी आपल्या समाजात मोठा गैरसमज आहे. खालच्या कोर्टात न्याय मिळाला नाही तर वरच्या कोर्टात पुन्हा सारे सांगू, असे आपण मानतो. या देशात तसे सहसा होत नाही. अपिलात नवा साक्षीदार येत नाही आणि बहुधा नवा कागदही येत नाही. खालच्या न्यायाधीशांनी कायदा लावताना चूक केली काय, त्या चुकीवर तेथेच वेळेवर आक्षेप घेतला होता काय, आणि त्या चुकीने निकाल फिरला काय, एवढेच वरचे न्यायालय पाहते. कायद्याचा अर्थ ते नव्याने तपासते. परंतु साक्षीदार खरा की खोटा, याविषयी खालच्या न्यायालयाचे मत सहसा हलवीत नाही. पॅथॉलॉजिस्टकडे काचेच्या पट्टीवर जेवढे आले तेवढेच तो पाहतो. जो तुकडा काढलाच नाही त्याचे निदान त्याने कसे करावे?

परमपूज्य बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत होते. त्यांच्यावरही एक दावा लावण्यात आला होता, तो चवदार तळ्याचा. २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, डिसेंबरातील दुसऱ्या सत्याग्रहापूर्वी, महाडच्या काही स्पृश्य मंडळींनी न्यायालयात जाऊन तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारो माणसे जमली असता बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचे स्थगित केले. पुढे सुमारे दहा वर्षे तो दावा चालला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ साली, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ साली, आणि मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी झाला.

तिन्ही ठिकाणी फिर्यादी हरले. तळ्यावर केवळ स्पृश्यांची अनादिकाळापासून वहिवाट आहे, हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर होता, आणि तसा पुरावा ते देऊ शकले नाहीत. पुराव्याने जी गोष्ट शाबीत झाली नाही ती मुंबईत उभी राहू शकली नाही. आपण महाडचा संग्राम आठवतो तो २० मार्चचा. त्या दिवसाइतकाच १७ मार्च १९३७ हा दिवसही आपल्या मुलांना पाठ असावा असे आम्हाला वाटते. पाण्याला हात लावण्याचे धैर्य आणि दहा वर्षे कागद सांभाळण्याची चिकाटी, दोन्ही त्याच लढ्याची अंगे होती.

आता सरकारविरुद्धच्या दाव्याकडे वळू. तो शेजाऱ्याविरुद्धच्या दाव्यासारखा नसतो. सरकारवर दावा लावण्यास सरकारनेच कायद्याने परवानगी द्यावी लागते, आणि त्या परवानगीला अटी असतात. केंद्र सरकारच्या नोकराच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली तर दोन वर्षांच्या आत प्रथम त्या खात्याकडे लेखी मागणी करावी लागते, आणि खात्याने ती नाकारल्याचे पत्र टाकल्यापासून सहा महिन्यांत न्यायालयात जावे लागते. न्यूयॉर्क व न्यू जर्सी या राज्यांत नगरपालिकेसारख्या संस्थेविरुद्ध अशा इजेच्या दाव्याची नोटीस साधारणतः ९० दिवसांत द्यावी लागते. केंद्र सरकारी नोकराला नोकरीतील भेदभावाची तक्रार करावयाची तर ४५ दिवसांच्या आत खात्यातील समुपदेशकाकडे जावे लागते. केंद्रीय न्यायालयातील दिवाणी अपिलाची नोटीस ३० दिवसांत, आणि केंद्र सरकार पक्षकार असेल तर ६० दिवसांत द्यावयाची असते. राज्याराज्यांत मुदती निराळ्या आहेत. दुःख ओसरण्याची वाट पाहत आपण बसतो, तोवर हे दिवस निघून जातात.

ज्यांचे व्हिसाचे वा ग्रीन कार्डाचे अर्ज नामंजूर होतात त्यांनीही ध्यानात ठेवावे, की अशा निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता आले तरी न्यायाधीश सामान्यतः त्या खात्यासमोर जी फाइल होती तीच पाहतात. कायद्याचा अर्थ लावताना खात्याच्या मताला झुकते माप देण्याचा जुना दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली रद्द केला. कायद्याच्या अर्थाचा मुद्दा असेल तर आज तो मांडण्यास पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे. मात्र फाइलच अपुरी असेल तर त्या निकालाचा काय उपयोग?

आपल्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण देतो. कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने २०२० साली सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा आरोप करून दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. २०२२ साली तेथील अपील न्यायालयाने या प्रकरणातील दोन प्रश्नांवर निर्णय दिला. नोकराने कंपनीशी लवादाचा करार केला असेल तर तो सरकारी खात्यावर बंधनकारक होतो काय? न्यायालयाने सांगितले, होत नाही. तक्रारदाराला नाव गुप्त ठेवता येईल काय? खालच्या न्यायालयाने नकार दिला होता. वरच्या न्यायालयाने फेरविचार करावयास सांगितले, आणि भारतातील कुटुंबीयांना असणारा धोकाही विचारात घेता येतो असे म्हटले. पुढे २०२३ साली खात्याने दोन अभियंत्यांवरील वैयक्तिक दावे मागे घेतले. भेदभाव घडला की नाही, याला त्या दोन निर्णयांनी स्पर्शही केला नाही. तरीही आपल्या माणसाच्या गावाकडील आईवडिलांच्या सुरक्षिततेचा विचार अमेरिकेतील न्यायालय करू शकते, हे तेथे लिहिले गेले. असे मुद्दे ओळखणे आणि मांडणे हे अपिलाच्या वकिलाचे खास काम आहे.

मग असा वकील कसा निवडावा? आम्ही ठेच खाऊन शिकलेली प्रश्नावली देतो. आपण स्वतः किती अपिलांत लेखी युक्तिवाद लिहिले, आणि किती वेळा न्यायाधीशांसमोर उभे राहिलात? सरकारी विधी कार्यालयात काम केले आहे काय, अथवा सरकारविरुद्ध दावे चालविले आहेत काय? ज्या न्यायालयात जावयाचे तेथे काम चालविण्याची नोंदणी आहे काय? पूर्वीचा एखादा लेखी युक्तिवाद वाचावयास द्याल काय? ते कागद बहुधा सार्वजनिक असतात. ते वाचावे, सामान्य माणसाला समजेल इतके स्वच्छ लिहिणारा वकील न्यायाधीशालाही समजतो. राज्याच्या बारकडे परवाना व शिस्तभंगाची नोंद पाहावी. फीचा करार लेखी असावा, आणि जबान्यांच्या नकलांचा खर्च त्यात वेगळा सांगितलेला असावा. केंद्र सरकारविरुद्धच्या इजेच्या दाव्यात वकिलाची फी कायद्याने मर्यादित आहे: खात्याशीच तडजोड झाली तर २० टक्के, न्यायालयात गेल्यावर २५ टक्के. नागरी हक्कांच्या काही दाव्यांत जिंकणाऱ्यास वकिलाची वाजवी फी प्रतिपक्षाकडून मिळू शकते, हेही विचारून घ्यावे.

आणि जो वकील पहिल्याच भेटीत, दप्तर न वाचता, विजयाची हमी देतो त्याला नमस्कार करून उठावे. तपासणीपूर्वी औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणतो, ते आपणांस ठाऊक आहे. आमच्या बाईंनी आम्हाला “शक्यता कमी” असे लिहून दिले. त्या चार वर्षांत आम्हाला मिळालेला तो सर्वांत प्रामाणिक कागद होता.

संस्थेपुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. पहिली, अशा अनुभवी वकिलांची राज्यवार यादी करून कार्यकारिणीने सभासदांसाठी ठेवावी. दुसरी, पहिल्या सल्ल्याच्या फीसाठी एक लहान निधी उभारावा. नुकताच आलेला विद्यार्थी वा तरुण अभियंता तेवढ्या रकमेपायी थांबतो आणि त्याची मुदत निघून जाते. या निधीचा आरंभ म्हणून आमच्या कुटुंबाची देणगी आम्ही आज खजिनदारांकडे सुपूर्द करीत आहोत.

बंधू-भगिनींनो, आमची तीन टिपणे आजही कपाटातच आहेत. त्यांवर तारखा आहेत, सह्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. न्यायालयाने ती खोटी ठरविली नाहीत. न्यायालयाने ती पाहिलीच नाहीत. आपल्या घरी असा एखादा कागद असेल तर आज घरी गेल्यावर तो काढा, तारीखवार लावा, आणि योग्य माणसाला वेळेवर दाखवा. एवढे झाले तर आमचा हरलेला दावा सर्वस्वी वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.



जय भीम! जय भारत!