खेळाडू कोणाचा चाकर?



पत्रिकेवर आमच्या नावापुढचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्याचे सारे आयुष्य गेट-सभांत गेले, बोनस, महागाईभत्ता आणि ग्रॅच्युइटी यांपलीकडे जो फारसे काही बोलत नाही, तो माणूस एका इराणी फुटबॉलपटूवर काय सांगणार? शंका रास्त आहे. आम्ही शाळा आठवीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. फुटबॉल तर आम्ही कधी धड खेळलोही नाही. परंतु मसूद शोजाई या खेळाडूची हकीकत वाचू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ही तर आमच्याच दप्तरातली केस आहे. पक्षकार फक्त परदेशातला.

खेळाडूला कामगार म्हटले की लोक हसतात. इतके पैसे मिळवणारा कामगार कसला, असे विचारतात. पण कामगार कोण हे पगाराच्या आकड्यावरून ठरत नाही. आपले अंग आणि आपले कसब ठराविक मुदतीसाठी दुसऱ्याच्या हुकमतीखाली देतो तो कामगार. इंग्लंडमध्ये 1961 सालापर्यंत व्यावसायिक फुटबॉलपटूला आठवड्याला वीस पौंडांहून अधिक वेतन देण्याची मनाई होती. जिमी हिल याच्या पुढारीपणाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा ती मर्यादा उठली. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. त्याविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला आणि 1963 मध्ये जिंकला. युरोपात तेच दार 1995 साली बोसमान नावाच्या बेल्जियन खेळाडूने पुरते उघडले. क्लब सोडून दुसरीकडे जाण्याची जी मोकळीक आज खेळाडूला आहे, ती कोणा मालकाने खूष होऊन दिलेली नाही. ती भांडून घेतलेली आहे.

आता शोजाईकडे येऊ. त्याचा जन्म 1984 चा, शिराझ शहरातला. त्याच्या खेळाची सुरुवात झाली ती आबादानच्या ‘सनअत नफ्त’ या क्लबात. या नावाचा अर्थच ‘तेल उद्योग’ असा आहे. आबादान म्हणजे इराणच्या नैर्ऋत्येचे, तेलशुद्धीच्या प्रचंड कारखान्याचे गाव. हा कारखाना 1912 च्या सुमारास ब्रिटिश कंपनीने चालू केला, तेव्हा कामाला माणसे हिंदुस्थानातूनही नेली. मुंबई बंदरातून बोटीने गेलेल्या त्या कामगारांनी 1920 आणि 1922 साली तिथे संप केले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. याच आबादानच्या तेल कामगारांनी 1978 साली काम बंद केले, तेव्हा इराणच्या शहाचे सिंहासन डळमळले. पुढे 1980 साली इराकशी युद्ध पेटले, गावाला वेढा पडला आणि कारखाना भस्मसात झाला. कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि गावचा फुटबॉलही.

शोजाई तिथून तेहरानकडच्या सायपा क्लबात गेला, मग शारजाला, आणि 2008 साली स्पेनमधल्या पाम्प्लोना शहराच्या ओसासुना क्लबात. तिथे तो पाच वर्षे राहिला. नंतर लास पाल्मास, मग कतारचे दोन क्लब, आणि 2016 साली अथेन्सचा पानियोनियोस. आपल्याकडचा कुशल फिटर जसा पुणे, वडोदरा, मस्कत, दमाम अशी गावे करतो, तशीच ही फिरती. जिथे काम तिथे बिऱ्हाड. मात्र या फिटरचे एक खाते मायदेशात कायम उघडे होते. राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले की जायचे. 2006 आणि 2014 च्या विश्वचषकाच्या संघांत तो होता. 17 जून 2009 रोजी सोलला दक्षिण कोरियाशी सामना झाला. इराणमध्ये निवडणुकीवरून रस्त्यावर असंतोष उसळला होता, आणि संघातले काही खेळाडू मनगटाला विरोधकांच्या हिरव्या पट्ट्या बांधून उतरले. त्या सामन्यात इराणचा एकुलता एक गोल शोजाईचा होता.

एकच माणूस क्लबाशी कराराने बांधलेला आणि देशाशी मानाने. या दोन मालकांचे हुकूम एकमेकांच्या विरुद्ध गेले तर त्याने काय करावे? 2017 च्या उन्हाळ्यात नेमके हेच घडले.

युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पानियोनियोसची गाठ इस्राएलच्या मक्काबी तेल अवीवशी पडली. 1979 च्या क्रांतीपासून इराणचे सरकार इस्राएलला मानत नाही, आणि आपल्या खेळाडूंनी त्या देशाच्या खेळाडूंशी खेळू नये असा त्याचा दंडक आहे. पूर्वी असे नव्हते. 1968 साली तेहरानलाच आशियाई चषक झाला, त्यात इराणने इस्राएलला 2-1 असे हरवले, आणि तो विजय लोक अजून सांगतात. क्रांतीनंतर मात्र परदेशी खेळणाऱ्या इराण्याने अशा वेळी काही तरी निमित्त काढावे आणि क्लबाने डोळेझाक करावी, असा प्रघात पडला. 2004 साली बायर्न म्युनिकचा वाहिद हाशेमियान पाठदुखीचे कारण सांगून तेल अवीवला गेला नव्हता.

शोजाई आणि त्याचा सहकारी एहसान हाजसफी यांनीही पहिल्या सामन्यासाठी इस्राएलला जाण्याचे टाळले. परंतु परतीचा सामना 3 ऑगस्टला अथेन्समध्ये, त्यांच्या क्लबाच्या घरच्या मैदानावर होता. तिथे निमित्त कोणते सांगणार? ते खेळले. क्लब एका गोलने हरला. आठवडा उलटतो न उलटतो तोच इराणचे उपक्रीडामंत्री दूरचित्रवाणीवर म्हणाले की, या दोघांनी लाल रेषा ओलांडली आहे, राष्ट्रीय संघात त्यांना यापुढे जागा नाही.

श्रोतेहो, आमची भूमिका स्पष्ट सांगतो. पॅलेस्टिनी जनतेच्या दुःखाविषयी ज्याला कळवळा वाटतो त्याचा आम्ही आदरच करतो. बहिष्कार हे हत्यार आम्हांलाही परके नाही. पण बहिष्कार ज्याचा त्याने स्वतः ठरवायचा असतो आणि त्याची किंमत स्वतः मोजायची असते. इथे ठरवणार मंत्री, आणि किंमत मोजणार खेळाडू! मंत्र्याचा पगार एका दिवसानेही कापला जात नाही. खेळाडूने हुकूम मानला तर क्लब करारभंग म्हणणार, न मानला तर सरकार देशद्रोह म्हणणार. जो कंत्राटी कामगार एकाच वेळी ठेकेदाराचाही असतो आणि मूळ कंपनीचाही असतो, त्याला ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

मग पुढे काय झाले? फुटबॉलच्या जागतिक संस्थेचा, फिफाचा, नियम आहे की देशोदेशीच्या महासंघांच्या कारभारात सरकारने हात घालता कामा नये. घातला तर तो देश निलंबित होतो. हा नियम कागदी नाही. बाहेरच्या हस्तक्षेपावरून आपल्याच भारतीय महासंघाला ऑगस्ट 2022 मध्ये निलंबन सोसावे लागले, आणि ते उठले म्हणूनच ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरला मुलींचा विश्वचषक होऊ शकला. इराणचा संघ तर 2017 च्या जूनमध्येच रशियाच्या विश्वचषकाला पात्र ठरला होता. ती जागा गमावणे सरकारलाही परवडणारे नव्हते. फिफाने विचारणा केली, तेव्हा बंदी वगैरे काही नाही अशी भाषा सुरू झाली. नुसता नियम असून भागत नाही. तो मोडल्यास समोरच्याचे काही बुडावे लागते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे.

परंतु दोघे एकाच वाटेने परतले नाहीत. हाजसफीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि काही आठवड्यांत तो संघात आला. शोजाईकडून तशी माफी आली नाही, आणि त्याला महिनोन् महिने बाहेर बसावे लागले. मधल्या काळात तो अथेन्सच्याच ए. ई. के. क्लबात गेला आणि 2018 साली त्या क्लबाने चोवीस वर्षांनी ग्रीसचे अजिंक्यपद मिळवले. अखेर राष्ट्रीय संघाचेही बोलावणे आले. 15 जून 2018 रोजी सेंट पीटर्सबर्गला मोरोक्कोविरुद्ध इराणचा संघ उतरला, तेव्हा कप्तान म्हणून पुढे होता मसूद शोजाई. ज्याला यापुढे जागा नाही असे सांगितले होते, तोच! तो सामना इराणने 1-0 असा जिंकला. 1998 नंतर विश्वचषकातला तो त्यांचा पहिला विजय.

आता सभेत कोणी म्हणेल, शोजाई खरा आणि हाजसफी कच्चा. थांबा. इथे आम्ही आमचीच एक चूक सांगणार आहोत.

वीसएक वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कारखान्यात टाळेबंदी झाली. तीन महिन्यांनंतर व्यवस्थापनाने चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र पुढे केले. सही करील तो आत. आमच्यातल्या एका टर्नरने सही केली. घरी खाणारी सहा तोंडे, पतपेढीचे हप्ते थकलेले. आम्ही गेटवरच्या फळ्यावर त्याचे नाव ‘फुटीर’ म्हणून लिहिले, आणि सहा महिने त्याच्याशी कोणी बोलले नाही. पुढे दोन वर्षांनी पेंट खात्यातले चौदा कंत्राटी कामगार एकाएकी काढले. कोर्टात साक्ष द्यायला कायम कामगारांपैकी एकही जण तयार होईना. तयार झाला तो हा टर्नर. स्वतःची नोकरी पणाला लावून कंपनीविरुद्ध उभा राहिला. आम्ही त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्याने चहा दिला आणि तो विषय काढू दिला नाही.

हाजसफीचेही असेच झाले. 2022 च्या सप्टेंबरात महसा अमिनी ही तरुणी तेहरानला पोलिसांच्या ताब्यात असता मरण पावली आणि इराण पेटला. नोव्हेंबरात कतारला विश्वचषक होता. संघातर्फे पत्रकारांपुढे हाजसफी बसला. शोकात बुडालेल्या कुटुंबांच्या बरोबर आपण आहोत, देशातली स्थिती ठीक नाही, हे तो जगासमक्ष बोलला. दुसऱ्या दिवशी इंग्लंडविरुद्ध संघ राष्ट्रगीताच्या वेळी ओठ मिटून उभा राहिला. चार दिवसांनी वेल्सविरुद्ध तेच खेळाडू गीत पुटपुटले. त्यांना कोणी हसू नये. घरची माणसे ज्यांच्या हाती असतात, त्यांच्यापुढे ताठ उभे राहणे म्हणजे काय, हे मंडपात खुर्चीवर बसून कळत नाही.

शोजाईची आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. 2017 साली, बंदीच्या प्रकरणाआधी काही आठवडे, संघ राष्ट्राध्यक्ष रूहानींच्या भेटीस गेला होता. अशा भेटीत खेळाडू स्वतःसाठी बक्षीस मागतात, घर मागतात. शोजाईने मागितले ते हे की, बायकांना स्टेडियमात येऊ द्या. इराणमध्ये चाळीस वर्षे पुरुषांच्या सामन्याला स्त्रियांना मज्जाव होता. पुढे सप्टेंबर 2019 मध्ये, चोरून सामना पाहिल्याबद्दल शिक्षा होईल या धास्तीने एका तरुणीने स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर 10 ऑक्टोबरला तेहरानच्या आझादी मैदानात कंबोडियाविरुद्धच्या सामन्यासाठी सुमारे साडेतीन हजार स्त्रियांना तिकिटे मिळाली. इराणने चौदा गोल केले. त्या स्त्रियांना लढा मिळवून दिला कोणी? त्यांनी स्वतःच. शोजाईने फक्त आतल्या माणसाने बाहेरच्यांसाठी जे बोलायला हवे, ते योग्य जागी बोलून ठेवले.

खेळाडू कोणाचा चाकर, असा प्रश्न आम्ही घेतला होता. कराराच्या मुदतीपुरता तो क्लबाचा, बोलावणे येईल तेव्हा देशाचा. पण त्याची जीभ कोणीही विकत घेतलेली नाही. प्रत्येकाला ती एकाच वेळी उघडता येत नाही. कोणाला नऊ महिने लागतात, कोणाला पाच वर्षे. तोवर त्याचे नाव फळ्यावर लिहिण्याची घाई आपण करू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.